पलीकडचे हात

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी स्तालोनं त्या उजाड माळावर गाडी थांबवली, तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटत होते. सायप्रसचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. सकाळपासूनचं हे तिसरं जुनं ठिकाण. आधी डोंगरातल्या कोरीव कबरी, मग समुद्राकाठचं पडकं देऊळ. दोन्हीकडं सासूनं मेणबत्ती लावली, दोन्हीकडं सात महिन्यांचा ओरेस्तिस रडतच राहिला. किती आठवडे झाले, पोर धड झोपलं नव्हतं. डॉक्टर झाले, ऑलिव्हच्या पानांची धुरी देऊन दृष्ट काढून झाली. स्तालोला आता भीती वाटायची ती स्वतःचीच. थकव्यानं डोळा लागायचा, आणि पोर हातून सुटायचं...

"तुझ्या नवऱ्याला मी ह्याच दगडातून काढलं होतं," सासू, मिरोफोराबाई, म्हणाल्या.

"तरीच! पोर सगळं गाव उठवतं, पण बाप कूस बदलत नाही."

"चल, जीभ चालतेय म्हणजे जीव आहे अजून. बाळाचे कपडे काढ, मी पलीकडं जाते."

पुरुषभर उंच दगड, छातीशी आरपार भोक. एकीनं बाळ भोकातून द्यायचं, दुसरीनं पलीकडं घेऊन तसंच परत द्यायचं. असं तीनदा.

बाळाचे कपडे काढून स्तालोनं मान वर केली, तर भोकातून दोन हात आलेच होते. तिनं बाळ दिलं. हात गार लागले. एवढ्या उन्हात बरं वाटलं तिला. ओल्या मातीचा वास आला. बाळ परत आलं. दुसऱ्यांदा दिलं, आलं. तिसऱ्यांदा मात्र...

"आई, द्या ना आता..."

पलीकडं रडणं एकदम थांबलं. मग सावकाश बाळ परत आलं. गाढ झोपलेलं.

स्तालोला रडूच फुटलं. इतक्यात पाठीमागून, गाडीकडून, हाक आली.

"अगं थांब, सुरू करू नकोस! पाण्याची बाटली गाडीतच विसरले होते..."

दोघी दगडाला वळसा घालून गेल्या. पलीकडं काटेरी झुडूप दगडाला घट्ट बिलगून वाढलेलं. माणूस उभं राहील एवढी जागाच नव्हती. एक फांदीसुद्धा वाकलेली नव्हती.

मिरोफोराबाईंनी छातीवर क्रूस काढला. "घरी बोलू नकोस गं पोरी... झोपलाय ना तो? मग झालं."

ओरेस्तिस आता रात्रभर झोपतो. स्तालो झोपत नाही. दिवसा मांडीवर खेळता खेळता तो मधूनच समोर, जिथं कुणी नसतं तिथं, दोन्ही हात वर करतो आणि हसतो. कुणी काखेत हात घालून उचलावं, तसं त्याचं वजन तिच्या मांडीवरून हळूहळू कमी होत जातं... ती त्याला गच्च धरून बसते.

ज्या घरी तान्हं बाळ झोपत नाही, त्या घरी एवढं नक्की सांगा. पलीकडं आपलं माणूस उभं आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लेकरू देऊ नका.