वादळकुलूप

दुपारी दोन वाजता लहू पावसेने होडीची किल्ली फिरवली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. सुकाणूजवळच्या पट्टीवर लाल अक्षरं उमटली : 'अतितीव्र वादळ. बंदर बंद.'

असं होणार हे त्याला ठाऊक होतं. वाघिवडे बंदरातल्या प्रत्येक इंजिनाला वादळकुलूप बसवून सहा वर्षं झाली होती. समुद्रावर तरंगणारे हजारो मापक मैलामैलावरचा वारा कळवत. त्यावरून संगणक पुढच्या काही तासांचा अंदाज बांधे, आणि धोका ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की बंदरात उभी असलेली इंजिनं सुरूच होत नसत. त्याआधीच्या एका वादळात, इशारा असूनही मदतीला म्हणून निघालेले अकरा जण बुडाले होते. कुलूप आल्यापासून एकही नाही.

लहू धावत इशारा कक्षात गेला. तिथं प्रणाली डोर्लेकर बसली होती. संकटात एखाद्या होडीचं कुलूप उघडायचं, तर तिच्या अंगठ्याचा ठसा लागे. त्या अकरा जणांत तिचे वडील होते.

"उघड, प्रणाली. अंकुश नऊ मैलांवर अडकलाय. परत येताना होडीच्या पंख्यात जाळं गेलं त्याच्या."

"कळलंय मला, लहूदादा. बचाव जहाज निघालंय."

"पोचणार कधी?"

"सात वाजतील."

"आणि वारा?"

"चारला येतोय. ताशी एकशेवीस किलोमीटर." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्या होडीचं गणित तिने आधीच करून ठेवलं होतं. "जाऊन, त्याला ओढून आणायला तुला तीन तास लागतील. परत येशील याची शक्यता शंभरात अठरा."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. लहूच्या धाकट्या भावाचा, अंकुशचा आवाज होता. त्याच्यासोबत दोन खलाशी होते.

"दादा निघाला काय?"

प्रणालीने बटण दाबलं. "नाही, अंकुश. मी कुलूप उघडलेलं नाही."

"यंत्र किती सांगतंय?"

"शंभरात अठरा."

वायरलेसमधून होडीवर पाणी आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अठरा म्हणजे अगदीच कमी नाहीत गं."

लहू टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. प्रणालीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही उघडणार मी."

तो ओरडला नाही. भिंतीला टेकून खाली बसला.

चार वाजले. वारा आला नाही. साडेचार झाले, पाच झाले. प्रणाली पुन्हापुन्हा आकडे तपासत होती. अंकुश मधूनमधून बोलायचा. होडीतलं पाणी उपसणारा पंप बंद पडल्याचं त्यानेच सांगितलं. पावणेसहाला वारा आला तो लिलावाच्या शेडचे पत्रे उडवीतच. त्यानंतर वायरलेसवर कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बचाव जहाजाला पिंपाला बिलगलेला एक खलाशी जिवंत सापडला. अंकुश आणि दुसरा खलाशी सापडले नाहीत.

दोनला निघालेला लहू पाचला परत आला असता. हा हिशेब गावातल्या कुणालाही येत होता. अंदाज खोटा नव्हता. वारा उशिरा येण्याची शक्यता त्या शंभरातल्या अठरांतच धरलेली होती. पण हे प्रणाली कुणाला सांगणार?

चौदाव्या दिवशी सभा भरली. कुलूप काढून टाकावं असं बरेच जण म्हणत होते. मग लहू उठला.

"राहू दे कुलूप," तो म्हणाला. "माझे दोन मुलगे दर्यावर जातात."

कुलूप राहिलं. माणसं पांगल्यावर त्याने प्रणालीला दाराशी थांबवलं.

"दादा, माझ्यामुळे..." ती म्हणू लागली.

"तुझं नाही बोलत मी. तू नाही म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भाऊ तिकडून बोलत होता, आणि मला सुटल्यासारखं वाटलं." त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "तुझे बाबा गेले, तेव्हा कुलूप नव्हतं. ते घाबरले असतील, तरी गेले. मला खरं सांग, प्रणाली. तू उघडलं असतंस, तर मी गेलो असतो का?"