मुरमावरचा माग

स्पेनमधल्या जिरोनाच्या पूर्वेला, समुद्राच्या अलीकडे ज्या टेकड्या आहेत, तिथल्या कच्च्या रस्त्यांवर फेरियोल तीस वर्षं सायकल चालवत आला होता. पोटासाठी त्याने रस्त्यांची मोजणी केली होती. डांबरी रस्ते मोजून मोजून त्याला त्यांचा वीट आला आणि कच्च्यांचा लळा लागला. निवृत्त झाल्यावर तो ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलवाल्यांसाठी मार्ग आखून देऊ लागला. त्याने आखलेल्या वाटेवर ऊन पाठीवर कधी आणि तोंडावर कधी, पाणी कुठे, चढ संपल्यावर बर्फाची शिखरं नेमकी कुठल्या वळणाला दिसतील, सगळं ठरलेलं असे. पोरं त्याला चिडवत, "तुमच्या वाटेवर पडायलाही जागा बघून ठेवलेली असते."

त्या वर्षी शरदात त्याला जुना कोळसेवाल्यांचा रस्ता नव्याने गवसला. गावातल्या रोझेन्दाच्या खानावळीपासून निघून, ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं करतात त्या बुचाच्या ओक झाडांतून तो वर चढत जायचा आणि माथ्यावरच्या पडीक चॅपलपाशी संपायचा. पुढे नुसतं झुडपांचं रान आणि खाली घळ. गेल्या उन्हाळ्यात बुचाची साल काढल्यामुळे खोडं तांबूस, उघडी उघडी दिसत होती. रस्ता मुरमाचा, सोनेरी रंगाचा, चाकाखाली करकर वाजणारा.

पहिल्याच दिवशी त्याला तो माग दिसला. एका सायकलचा, ताजा, वर जाणारा. कण मागे रेटलेले होते, त्यावरून दिशा कळत होती. फेरियोल आधी त्याच्यामागून सहज गेला. दोन वळणं झाली आणि त्याच्या लक्षात आलं, की हा कोणी साधासुधा गडी नव्हे. जिथे मुरूम भुसभुशीत तिथे माग कडेच्या घट्ट पट्टीवर चढलेला. जिथे मूळ आडवं तिथे ते बरोबर काटकोनात ओलांडलेलं. कुठे घसरण नाही, कुठे ब्रेकचा ओरखडा नाही. त्या रेघेवर चाक ठेवलं की चढ हलका होत होता. तीस वर्षांत आपल्याला कुठलीच वाट अशी वाचता आली नाही, असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. आनंदच झाला.

चॅपलसमोरच्या कातळावर माग संपला. खाली येणारा माग मात्र नव्हता.

"वर कोण जातं गं?" उतरल्यावर त्याने रोझेन्दाला विचारलं.

ती पावावर टोमॅटो चोळत होती. "तू."

"माझ्याशिवाय?"

"माझ्या दारावरूनच रस्ता जातो, फेरियोल. तुझ्याइतकं रिकामटेकडं दुसरं कोणी नाही या गावात." तिने ताटली पुढे सरकवली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्या वाटेवरून कशाला न्यायचंय लोकांना? बाकी डोंगर काय कमी आहेत?"

पुढच्या आठवड्यातही माग होता. दर वेळी ताजा, दर वेळी वर जाणारा. एकदा फेरियोल वळणावर उतरून वाकून बघत बसला. सायकल वळते तेव्हा मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं, दोन रेघा दिसतात. याची एकच रेघ होती. पार केसांच्या पिनेसारख्या वळणावरही एकच. त्याने स्वतःची सायकल चालवून पाहिली, हातात धरून ढकलून पाहिली. त्याच्या दोन रेघा उमटल्या. असं होणं शक्य नाही, हे त्याला मोजणीदार म्हणून नीट ठाऊक होतं. तरी ती रेघ इतकी देखणी होती, की तो तिच्यावर पाय न देता बाजूने चालत सायकलपाशी परतला.

मग तो केराल्तला घेऊन आला.

केराल्त त्याच्या बहिणीची मुलगी. सायकलच्या शर्यतींत उतरणारी, नाव झालेली. वसंतात एका उतारावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून उतार आला की ती सायकलवरून उतरायची आणि पोळलेल्या माणसासारखी चालत खाली यायची. सायकल विकायला काढते, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. बहिणीने फोनवर फेरियोलला एवढंच म्हटलं होतं, "तू काहीतरी कर. मुलगी विझत चाललीय."

"चढायला येईन मामा," केराल्त म्हणाली. "उतरताना तू पुढे जा, मी चालत येईन. आणि भाषण देऊ नकोस."

"भाषण तुझी आई देते. मी फक्त रस्ता दाखवतो."

रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी टेकडीवर ढग उतरला होता. रस्ता धुऊन निघाला होता, ओल्या मुरमावर पाखराचाही पाय उमटलेला नव्हता. फेरियोल पुढे होता. आज पहिल्यांदाच कोरी वाट त्याला मिळाली होती, आणि पाठ झालेली ती रेघ तो आपल्या चाकाने ओढू बघत होता. मागून केराल्तच्या चाकांची करकर ऐकू येत होती. तिचा श्वास एका लयीत होता. धुक्यात झाडं जवळ येऊन पुन्हा मागे विरघळत होती.

वर पोचल्यावर केराल्तचे गाल लाल झाले होते. कित्येक महिन्यांत ती अशी दिसली नव्हती.

"काय सुंदर चढलास रे," ती म्हणाली. "मी नुसती तुझ्या रेघेवर चाक ठेवून होते. एकदाही घसरले नाही."

फेरियोल सुखावला. तिच्या जाकिटाची चेन त्याने गळ्यापर्यंत ओढून दिली, पाठीवर चिकटलेलं बुचाचं पान काढून टाकलं.

"पण मध्येच जाकीट का काढलंस?" तिने विचारलं. "नुसत्या त्या करड्या लोकरी स्वेटरात थंडी वाजली नाही?"

त्याच्या अंगात पिवळं जाकीट होतं. खानावळीतून निघाल्यापासून होतं.

"वळणापर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला.

वळणावर तीन माग होते.

तो उकिडवा बसला. त्याचा स्वतःचा माग सर्वांत खाली होता, दोन रेघांचा, ठिकठिकाणी पुसलेला. त्याच्यावरून ती एकेरी रेघ गेली होती. आणि त्या रेघेवर, अगदी तिच्यावर चाक ठेवून, केराल्तचा माग होता.

त्याने पुन्हा पाहिलं. खालच्या वळणावर जाऊन पाहिलं. क्रम तोच होता.

म्हणजे चढताना ते दोघांच्या मध्ये होतं.

वर आला तेव्हा केराल्त सायकलवर बसली होती. एक पाय जमिनीवर, तोंड उताराकडे.

"चालत जाऊ," फेरियोल म्हणाला. "दोघंही."

"नाही मामा." तिचा आवाज शांत होता. "आज जमेल असं वाटतंय."

तिला थांबवावं, तर ती पुन्हा कधी या सायकलवर बसेल? काय सांगून थांबवावं?

ती निघून गेली.

तो मागोमाग निघाला, पण तिला गाठता येईना. पहिल्या वळणानंतर ती धुक्यात दिसेनाशी झाली. ओल्या मुरमावर खाली जाणारा तिचा माग तेवढा उरला. दोन रेघा, एकट्या. शेजारी दुसरं काही नव्हतं. ब्रेकचा ओरखडा कुठेही नव्हता. तो प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून कडेच्या घळीत डोकावत होता, आणि प्रत्येक वळणावर तो माग अलगद वळून पुढे गेलेला दिसत होता. इतकं चांगलं ती शर्यतीतसुद्धा उतरली नव्हती.

खानावळीबाहेरच्या नळावर ती पाणी पीत होती. हसत होती आणि रडतही होती.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "आईला सांग, सायकल विकायची नाही."

"सांगतो."

ती पुन्हा पाण्याशी वाकली. दारात रोझेन्दा उभी होती. तिची नजर केराल्तच्या पाठीवर खिळली होती, म्हणून फेरियोलनेही पाहिलं.

चढावर दमलेल्याला सोबती हात लावून रेटतो, बरोबर त्या जागी, कमरेच्या जरा वर, ओल्या चिखलाळ जाकिटावर एक पंजा उमटला होता. बोटं फाकलेली, दाब एकसारखा. जाणत्या माणसाचा हात. माथ्यावर पान काढताना तो तिथे नव्हता. पांढऱ्या, कोरड्या धुळीचा.

"काय बघतोस मामा?"

"काही नाही. धूळ लागलीय."

आदल्या रात्रीपासून त्या डोंगरात कोरडं काही उरलं नव्हतं. फेरियोलने हळूच हात पुढे केला आणि ती झटकली.

धूळ उन्हात तापलेली होती.