पितळी जोडावरची अंबाडी

दुष्काळाचे वर्ष होते. आकाश इतका काळ निरभ्र राहिले होते की मेघ कसा दिसतो, हे लोक एकमेकांना आठवून सांगत. तिसगावच्या आठवडे बाजारात लंका आपल्या आईशेजारी, दगडाबाईशेजारी, अंबाडीच्या दोऱ्या मांडून बसली होती. समोर काकासाहेबांचा लोखंडकामाचा कारखाना. तेथून एक बारीक सुस्कारा तिच्या कानी आला... सुटत होता, थांबत नव्हता. तिने मान वर केली. दाराशी उभ्या असलेल्या तरुणानेही नेमकी तेव्हाच केली.

त्याच्या हाती रंग फवारण्याची बंदूक होती. रस्ता ओलांडून तो आला आणि जरा संकोचून म्हणाला, "बिनपिळाची अंबाडी मिळंल का?"

"दोरीवालीकडं बिनपिळाची मागताय?" लंका म्हणाली. "मग कुंभाराकडं कच्चं मडकं मागत असाल."

तो हसला. त्याचे नाव सहादेव. ही बंदूक घेऊन तो पुण्याहून आला होता. गावोगाव पाणी नेणाऱ्या एका टाकीला रंग द्यायचा होता, परंतु रबरी नळी बंदुकीला मिळते त्या पितळी जोडाच्या आट्यांतून हवा निसटे. जोर कमी पडला की रंग धुक्यासारखा उडत नसे, थेंबाथेंबाने थुंकला जाई. टाकी आधीच डागाळली होती. आजही तसेच झाले, तर बंदुकीसह पुण्याची एसटी धरावी, असे काकासाहेबांनी त्याला बजावले होते.

ओळख घटकेचीही नव्हती. तरी ते ऐकून लंकेचे मन उगाच हलले. आईच्या नजरेची परवानगी घेऊन ती न वळलेल्या अंबाडीची लड हाती धरून त्याच्यामागे कारखान्यात गेली.

सहादेवाने आट्यांना सफेदा, म्हणजे फटी बुजवणारा पांढरा लेप, लावला. तिने चार तंतू काढून दिले, पण सवयीच्या बोटांनी त्यांना पीळ भरलाच. त्याने तो हलकेच उलगडला. तिने पुन्हा दिले, पुन्हा पीळ...

"पिळलं की ते सोताला धरून बसतं," तो हळू म्हणाला. "मोकळं ठेवलं तर आट्यात शिरतं."

टोकाचा पहिला आटा त्याने उघडा ठेवला, म्हणजे एखादा तंतू हवेच्या वाटेत जायला नको. मग जोड ज्या अंगाने आवळायचा, त्याच अंगाने तंतू गुंडाळत नेले. पूजेतले सूत गुंडाळावे तशी त्याची बोटे चालत होती, आणि लंका ती पाहत होती.

जोड आवळून त्याने हवा सोडली. वर साबणाचा फेस लावला.

"बुडबुडा फुगला तर?" तिने विचारले.

"तर सांजची एसटी."

दोघेही वाकले. फेसात एक इवला बुडबुडा थरथरला, त्यात सप्तरंग फिरले... आणि तो फुगला नाही. आपोआप विरून गेला. सुस्काराही कुठे उरला नव्हता.

मग सहादेवाने बंदुकीचा घोडा दाबला.

निळा मेघ! नादाविना, थेंबाविना तो टाकीवर उतरला आणि गंजके लोखंड पाहता पाहता आकाशासारखे झाले. उन्हाची तिरीप त्या निळ्या धुक्यात शिरली, तेव्हा दाराशी जमलेल्या माणसांत कोणीतरी नकळत हात जोडले. लंकेच्या मनगटावर निळी धूळ बसली होती. ती तिने पुसली नाही.

काकासाहेबांनी त्याला कामावर ठेवून घेतले. पुढे दर बाजारी सहादेव येऊ लागला. जोड पुन्हा गुंडाळायचा आहे, थोडी अंबाडी हवी, म्हणे. लंका देत गेली. आता तिच्या बोटांना पीळ न भरण्याची सवय झाली होती.

एकदा काकासाहेब कासरा घ्यायला आले. जोड वरचेवर गळतो का हो, असे तिने सहज विचारले.

"कोन म्हनतं?" ते म्हणाले. "सफेद्यात बसलेला जोड हाय तो. एकदा बसला की बसला. उघडायचं काय काम?"

ते गेले, आणि थोड्याच वेळात सहादेव आला. लंकेने लड पदराआड घेतली.

"आज कुठला जोड गळतोय?"

त्याने समोर पाहिले, मग खाली, मग तिच्याकडे. "एकबी न्हाई."

"मग अंबाडी कशाला नेता?"

"खोलीत साठलीया," तो म्हणाला. "दुसरं काय मागावं... सुचलंच न्हाई."

दगडाबाई दोरी वळत होती. तिचे हात थांबले. लंकेने एकच तंतू काढून पुढे धरला.

"ह्यो शेवटचा. ज्या जोडाला लावाल, तो पुन्हा उघडायचा न्हाई."

सहादेवाने तो घेतला आणि आपल्याच बोटावर गुंडाळला — आवळण्याच्या अंगाने, संथपणे. मग चपला काढून तो दगडाबाईसमोर बसला.

"मावशी," तो म्हणाला, "आज मागायचं ते तुमच्याकडं हाय."