सरासरीच्या आधीचा श्वास

द्वारका चौकात पल्लवी चांदवडच्या बसची चौकशी करत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही कांद्याच्या भाववाल्या मॅडम ना? आवाजावरून ओळखलं."

चांदवडच्या बाजार समितीत ती कारकून. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर रोज भाव बोलून टाकायची. हा नवनाथ, शेतकऱ्याचा मुलगा, राहायला इंदिरानगरला. नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस... पल्लवीला तिथेच संशय आला. पण तो हसला इतका छान, की तिने बस सोडली!

तीन महिने चहा झाले, फोन झाले. मात्र फोनवर त्याच्या मागे कायम एक मुलगी गायची.

"कोण आहे ती?"

"कोणी नाही हो. कॉम्प्युटर गातो. मी शब्द टाइप करतो, सूर देतो... एकटाच करतो सगळं."

असल्या थापांना भुलेल ती पल्लवी कसली? रविवारी न सांगताच ती त्याच्या दारात उभी राहिली.

खिडकीला गोधडी टांगलेली, टेबलावर लॅपटॉप, माइक, दोन स्पीकर. दाराशी चपला एकाच माणसाच्या, हेही तिने बघून घेतलं. त्याने गाणं लावलं. मुलीचा आवाज, न थकणारा, विचित्र, तरी गोड... आणि दोन ओळींच्या मध्ये कोणीतरी श्वास घेतला.

"कॉम्प्युटरला धाप लागते वाटतं?"

नवनाथचा चेहरा पडला. "तो... तुमचा आहे. रोज भाव सांगताना 'सरासरी' म्हणायच्या आधी तुम्ही श्वास घेता ना, तो. ह्या आवाजाला श्वासच नव्हता. भाव वडील ऐकतात, मी वर्षभर तेवढा श्वासच ऐकत आलो."

"न विचारता घेतलास?" ती कडाडली. मग ती दाराकडे वळली. "म्हणजे मी नकोच होते तुला. श्वास हवा होता."

त्याने गाण्यातून तो श्वास पुसून टाकला. गाणं पुन्हा लागलं, अगदी कोरडं.

"राहू दे असंच. गाणं बिघडलं तर बिघडलं... तुम्ही जाऊ नका."

पल्लवीचे डोळे भरले. पण स्वभाव कुठे जातो? तिने माइक त्याच्यापुढे सरकवला. "हेच इथे बोल. रेकॉर्ड कर. माझ्याकडे पुरावा राहील."

त्याने बटण दाबलं. वाकला. छाती भरून श्वास घेतला — आणि शब्द घशातच अडकले.

तिनेच हसून रेकॉर्डिंग थांबवलं.

"पुरे. हा श्वास माझ्याकडे राहील. आता माझा गाण्यात परत लाव."