दम काढा

नातीची, रुचिकाची, हळद जवळ आली होती आणि तिला आजीच्या आवाजातलं गाणं हवं होतं. माझ्या बायकोचा, साधनाचा, आवाज या वयातही पक्का. मंगरूळपीरच्या घरी मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून मी तो लॅपटॉपवर घेतला. पेटी वेगळी, ढोलकी वेगळी, आवाज वेगळा. हे सगळं एकत्र बसवणं मी निवृत्तीनंतर शिकलो. मराठीत पीएच.डी. केली, पण स्वतःच्या कानांवर विश्वास कधी बसला नाही. म्हणून गाणं आधी शिरपूरच्या जिनेशला पाठवलं. त्याचं कापडाचं दुकान आहे. घरी भजनं रेकॉर्ड करतो.

त्याचा बोललेला निरोप आला. "काका, गानं चांगलं हाये. पन थोडा दम काढा, मंगच रुचिकाले पाठवा."

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग गाणं लावलं. खरंच, ओळींच्या मधे साधनाचा श्वास ऐकू येत होता. आत ओढलेला, ओलसर. मला तो आवडायचा. पण माझ्या आवडीचं काय घेऊन बसलात. आमच्याकडे श्वासाला दमच म्हणतात. मी लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ मोठी केली, पहिल्या ओळीनंतरची श्वासाची बारीक नागमोड निवडली आणि पुसली.

बाहेर अंगणात साधना तुरीच्या शेंगा सोलत शेजारच्या धुरपताबाईला सांगत होती, "दिवसभर कोंडून बसते हा मानूस. त्या डब्ब्यासंगच लगन लावून देतो आता याचं."

धुरपताबाई हसली. मी पुढचा श्वास पुसला. साधनाचं बोलणं मधेच तुटलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत पुसत गेलो.

"काय झालं वं साधना?... सर, इकडं या... बोलून नाही राह्यली हे..."

साधना भिंतीला टेकली होती. तोंड उघडं, छाती स्थिर. ओठ जांभळे पडत होते. खोकला नाही, घरघर नाही. सांडलेल्या शेंगांचा हिरवा वास तेवढा.

मला ते कसं सुचलं, ठाऊक नाही. आत पळालो, पुसलेलं सगळं परत आणलं आणि गाणं लावलं. पहिली ओळ संपली. गाण्यातल्या साधनानं श्वास घेतला... आणि अंगणातल्या साधनानंही.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मोबाइलवर गाणं लावूनच तिला नेलं होतं. ते थांबवून मी एकदाच पाहिलं. पुन्हा पाहणार नाही.

जिनेशला फोनवर एवढंच विचारलं, दम कुठला काढायचा होता.

"कुठला म्हंजे? थांबा म्हटलं मी, काका. आयकून आयकून कान थकते. चार रोज जाऊ द्या, मंग ताज्या कानानं आयका."

मी बरं म्हणालो.

हळद झाली, लग्न झालं. गाणं घरात चालूच आहे. लाइन जाते म्हणून दोन मोबाइलवरही चालू ठेवतो. साधना विटली आहे.

"बंद करा ना ते. माह्याच आवाजाचा कटाळा आला मले."

मी ऐकू न आल्यासारखं करतो. तिला काही सांगितलेलं नाही. कसं सांगू?

काल दुपारी ती माझ्यासमोर पोळ्या लाटत होती, ओठ मिटलेले. गाण्यातली ओळ संपली, श्वास आला, आणि त्या श्वासाच्या आतून, अगदी हलक्यानं, तिच्याच आवाजात...

"बंद करा ना आता."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. लाटणं थांबलं नाही.

"आता त आयकू आलं ना तुमाले?" साधना म्हणाली, मान वर न करता.