न बोलावलेली खेप

माझ्याच घरातला डबा हातात घेऊन एक अनोळखी माणूस आमचा जिना उतरत होता.

स्टीलचा डबा, झाकणाला एका बाजूला पोचा. तो पोचा माझ्याच हातून पडला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"थांबा. काय आहे त्यात?"

तो थांबला. निळा शर्ट, खांद्याला हत्यारांची बॅग, आणि पँट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब. "पाणी," तो म्हणाला.

"पाणी?"

"तुमच्याच नळाचं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या ना? काकू म्हणाल्या, जिन्यात माझी मुलगी भेटली तर आधी ओळखपत्र दाखव, मग तोंड उघड." आणि त्याने खरोखरच गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकासमोर धरलं. डिशवॉशरच्या कंपनीचा मेकॅनिक होता तो.

मी झाकण उघडून पाहिलं. पाणीच होतं. वासही घेतला. पाण्याला कसलाच वास नव्हता... त्याच्या शर्टाला मात्र साबणाचा होता, आणि तो मला बरा वाटला याचा मला रागच आला.

"मशीनमधून फेस बाहेर आलाय, अख्खं स्वयंपाकघर भरलं," तो सांगू लागला. "पाण्यात क्षार किती आहेत ते बघायच्या पट्ट्या खाली गाडीत राहिल्यात. क्षार जास्त असतील तर मशीनच्या टाकीतलं मीठ वाढवावं लागतं, नाहीतर ग्लासांवर पांढरे डाग पडतात."

"आणि फेस कशाने आला?"

"ते अजून कळलं नाही."

"कळलं नाही, तरी निघालात?"

"परत येतोय ना," तो हसून म्हणाला. "डबा ओलीस ठेवू का?"

माणूस गोड बोलायला लागला की मी सावध होते. यात माझा स्वभाव थोडा आणि नोकरी जास्त. मी विमा कंपनीत दावे तपासते. गोदाम पावसाने भिजलं की बादलीने, हे मला फोटो बघून सांगता येतं. ऑफिसात मला फौजदार म्हणतात, आणि आईनेही ते नाव उचललंय. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं, तर मुलाने सांगितलेली नोकरीच मी शोधून खोटी ठरवली. तेव्हापासून आई स्थळ आणताना माझ्याकडे भीतभीतच बघते.

डिशवॉशर मी आईच्या हातांसाठी आणला होता. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, मीठ लागलं तरी ती कळवळायची. साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मशीन घेतलं, माहितीपुस्तक दोनदा वाचलं, आणि आईला सांगितलं, "आजपासून भांडी घासणं बंद." दोन महिने झाले तरी भेगा काही भरल्या नव्हत्या. म्हणून मला डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचाही संशय यायला लागला होता.

दहाच दिवसांत पुन्हा फेस आला. या वेळी मी रजा टाकली आणि तोच मेकॅनिक आला तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

तो जमिनीवर मांडी घालून बसला, खालचा कप्पा बाहेर ओढला आणि भांडी बघत राहिला. "कोणी लावली ही?"

"मी. का?"

"चमचे सगळे एकाच दिशेने, एकमेकांना चिकटून झोपलेत. मधे पाणी जाणार कसं? काही उभे, काही उलटे ठेवायचे. आणि हे पातेलं इतकं उंच आहे, की वरचा पाणी उडवणारा पंखा त्याला अडकतो." त्याने कप्पा आत ढकलून बोटाने पंखा फिरवला. तो टक् करून पातेल्याला थडकला. "लावून झालं की दार बंद करायच्या आधी एकदा असा फिरवून बघायचा."

"पुस्तकात हे नव्हतं."

"पान चौदा."

मी उठून पुस्तक आणलं. पान चौदावरच होतं! तो मान खाली घालून हसत होता, ते मला त्याच्या कानांवरून कळलं.

"एक विचारू?" मग तो म्हणाला. "भांडी आधी साबणाने धुऊन आत ठेवता का?"

"मुळीच नाही. खरकटं काढायचं आणि तशीच ठेवायची. मशीनची पावडर फेस न होणारी असते. हाताने घासायच्या साबणाचा थेंबभर अंश जरी आत गेला तरी..." मी थांबले. त्याच्या मागे ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या हातून झारा खाली पडला होता.

तो वळला. त्याने आईकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. बराच वेळ पाहिलं. मग मशीनची चाळणी धुऊन बसवली आणि कागदावर लिहिलं — 'किरकोळ दुरुस्ती'.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या दाव्यात 'किरकोळ' हा शब्द येतो, तिथे कुठेतरी पाणी मुरत असतं, हा माझा सात वर्षांचा अनुभव.

"नेमकं काय दुरुस्त केलंत?"

"जे बिघडलं होतं ते."

"म्हणजे काय?"

"फौजदारीणबाई," तो बॅग उचलत म्हणाला, "सगळंच आज विचारलंत तर पुढच्या वेळी काय बोलणार?"

पुढच्या वेळी! म्हणजे मशीन पुन्हा बिघडणार हे या माणसाला आधीच माहीत होतं...

तो गेल्यावर मी लाल नेलपॉलिश काढलं आणि मशीनच्या प्रत्येक स्क्रूवर एकेक थेंब असा लावला, की स्क्रू जरा जरी फिरला तर रंगाला तडा जाईल. आई दारातून बघत होती. "अगं, त्या बिचाऱ्यावर कसला डोळा ठेवतेस?" ती म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मऊ होता.

तिसऱ्यांदा फेस आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर तो येऊन गेला होता, कागदावर पुन्हा तेच 'किरकोळ', वेळ एक तास. मी टॉर्च घेऊन मशीनपुढे जमिनीवर आडवी झाले. लाल थेंब जसेच्या तसे. एकही स्क्रू त्याने उघडला नव्हता! मग तासभर केलं काय? पिठाच्या डब्यामागे मला नवे कोरे रबरी हातमोजे सापडले.

"हे कुठून आले?"

"असेच... आणले," आई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

त्यानंतरच्या गुरुवारी तर कहर झाला. गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असते. कुलूप उघडून आत आले, तर तो आमच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप. ना फेस, ना हत्यारांची बॅग. दोघं काहीतरी कुजबुजत होते, मला बघताच गप्प झाले.

"आज काय बिघडलं?"

"काही नाही. तपासणी," तो उभा राहिला. त्याने केस नीट विंचरले होते. मेकॅनिक कपाटाखाली डोकं घालायला केस विंचरून येतो का?

"मशीन कसंय?" त्याने विचारलं.

"तुम्हालाच ठाऊक."

"आणि तुम्ही?"

मी पर्स खुंटीला अडकवली. त्याने चहा संपवला, कप वरच्या कप्प्यात पालथा ठेवला, सवयीने पंखा एकदा फिरवून पाहिला. निघताना दारात क्षणभर घुटमळला. "नेलपॉलिशचा रंग छान आहे," तो हळूच म्हणाला. "पण मशीनपेक्षा तुम्हाला शोभेल."

कान तापले माझे! म्हणजे त्याने थेंब पाहिले होते. पाहिले होते म्हणूनच स्क्रूला हात लावला नव्हता. आता माझा दावा पक्का झाला. हा माणूस मुद्दाम बिघाड सोडून जातो, गोड बोलून आईला फितवतो आणि उद्या कसला तरी करार तिच्या गळ्यात मारणार. त्या रात्री मला तो कप ठेवणारा हात सारखा आठवत होता, आणि त्याचाही राग मी तक्रारीत ओतला. चार भेटींच्या तारखा, दोन वेळचा 'किरकोळ', न उघडलेले स्क्रू. शेवटी लिहिलं — हा मेकॅनिक कारण नसताना मुद्दाम आमच्या घरी येतो.

तीन दिवसांनी त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. "मॅडम, त्याला कामावरून बाजूला बसवलंय. परवा चौकशी आहे. त्याला विचारलं, चाळणी साफ करायला तीन खेपा का लागल्या, तर तो तोंडच उघडत नाही. असाच गप्प राहिला तर त्याची नोकरी जाईल."

मी फोन ठेवला आणि वळले. आई जमिनीवर बसली होती, अगदी तो बसायचा त्याच जागी.

"फेस माझा आहे गं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू सकाळी भांडी आत लावून जातेस आणि मशीन मला लावायला सांगतेस दुपारी चारला. दिवसभर आत खरकटं बंद करून ठेवायचं? मला नाही बघवत. तू गेलीस की मी सगळी बाहेर काढते, साबणाने घासते आणि तू लावलेली तशीच्या तशी परत ठेवते. कधी घाईत साबण राहतो..." तिने हात पदराखाली लपवले. "इतक्या हौसेने आणलंस माझ्यासाठी. कोणत्या तोंडाने सांगू, की माझा त्याच्यावर विश्वासच नाही? आणि घासायचं नाही तर दिवसभर मी करू तरी काय?"

मी तिच्याशेजारी बसले. 

"त्याला माझे हात बघून कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून शपथ घातली, माझ्या मुलीला सांगू नकोस. तो म्हणाला, सांगत नाही, पण तुम्ही घासणं सोडा. मला सुटेना. मग तिसऱ्या खेपेला त्याने हातमोजे आणून दिले. तासभर बसून शिकवलं, की वास येईल असं वाटलं तर भांडी तशीच ठेवून नुसतं थंड पाण्याचं बटण दाबायचं. दहा मिनिटांत खरकटं निघून जातं. मशीन चारपर्यंत खुशाल थांबतं. तेव्हापासून एकदाही घासलं नाही मी. हे बघ."

तिने हात पुढे केले. बोटांवरच्या भेगा भरत आल्या होत्या. इतके दिवस मी तारखा जुळवत बसले होते, आणि आईच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी ते हात धरून रडले.

"आणि गुरुवारी? तू बोलावलं होतंस त्याला?"

"मी? नाही बाई. आपणहून आला."

चौकशीच्या दिवशी मी मॅनेजरसमोर बसून कागदावर लिहून दिलं — बिघाड आमच्या वापराचा. मेकॅनिकचा दोष नाही. तक्रार चुकीची, तक्रार करणारीही चुकीची. इतरांकडून असे जबाब मी ढिगाने लिहून घेतले होते. स्वतःचा लिहिताना पेन जड झालं. मॅनेजरने कागद वाचला, त्याची चौकशी बंद केली आणि म्हणाला, "मागच्या खोलीत आहे. सांगा तुम्हीच."

तो लांबलचक टेबलाशी बसून ब्रशने जुन्या चाळण्या घासत होता. मला बघून उठला, ब्रश हातातच.

"मला आईने सगळं सांगितलं," मी म्हणाले. "तुम्ही का नाही बोललात? नोकरी जात होती तुमची."

"शपथ होती. आणि तुम्ही कधीतरी शोधून काढाल, याची खात्री होती. वेळ मात्र जरा जास्त लावलात."

"मला माफ करा." हे शब्द माझ्या तोंडून इतक्या वर्षांत कुणी ऐकले नसतील. "मनापासून."

त्याने मान हलवली. डोळ्यांत राग शोधला मी, मिळाला नाही. थकवा होता थोडा... मलाच बोचला तो.

"बाकी सगळा हिशेब लागला," मी म्हणाले. सवय जात नाही. "एक खेप लागत नाही. चौथी. फेस नव्हता, आईचा फोन नव्हता, तुमची बॅगही नव्हती."

"काकूंनी घासणं सोडलं का, ते बघायचं होतं."

"ते फोनवर विचारता आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला. ब्रशचे केस अंगठ्याने उगाच मागेपुढे करत राहिला. "गुरुवारी तुमची अर्धी सुट्टी असते, हे काकू बोलता बोलता बोलून गेल्या होत्या."

खोलीत कुठलं तरी मशीन पाणी ओढत होतं. त्याचा आवाज थांबला.

"म्हणजे तुम्ही कारण नसताना, मुद्दाम आमच्या घरी आलात," मी म्हणाले. "मी तक्रारीत अगदी हेच लिहिलं होतं."

"हो. तक्रारीतलं तेवढं एक वाक्य खरं होतं."

इतकी वर्षं संशय खरा ठरला की मला जिंकल्यासारखं वाटायचं. आज मला जिंकायचंच नव्हतं. हातात कागद नाही, पुरावा नाही, समोर फक्त ओल्या हातांचा एक माणूस, आणि त्याच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवला होता. तपासून न बघता.

मी दारापर्यंत गेले आणि वळले. "गुरुवारी दोननंतर मी घरी असते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत असू दे. पण या वेळी मी बोलावतेय."