चमचा खाली ठेवा

"फेकून द्या हो, नवा घ्या." मोठ्या दुकानातल्या माणसाने माझा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "अकरा वर्षांचा झालाय. यूएसबी पोर्ट गेले याचे."

मी लॅपटॉप पिशवीत भरत होतो. शेजारी एक बाई स्क्रूंची पुडी घ्यायला आली होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं,

"नक्की काय होतंय?"

"ही बाहेरची हार्ड डिस्क लावली की तिचा दिवा लागतो. टिक... टिक... असा आवाज येतो. मग काहीच नाही. लॅपटॉप म्हणतो, काही लावलेलंच नाही."

"दिवा लागतो ना? मग पोर्ट अगदीच गेलेलं नाही." आता तिने माझ्याकडे बघितलं. "पोस्टाच्या मागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. चला. फेकायचंच असेल तर नीट बघून फेकू."

"ताई, माझंच गिऱ्हाईक माझ्याच दुकानातून नेता?" दुकानदार म्हणाला.

"तुम्ही टाकलंत, मी उचललं."

आणि मी तिच्या मागून चालायला लागलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

तिच्या दुकानात एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंग लावलेला दिवा होता. भिंगावर ओरखडा होता. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडे गेलं. तिने लॅपटॉपला चार्जर लावला, लहान ब्रशने पोर्ट साफ केलं आणि डिस्क जोडली. डिस्क लगेच उघडली.

"यातलं काहीतरी चालवून बघते हं."

मी नको म्हणायच्या आत तिने बटण दाबलं.

"प्रकरण सहावं," माझ्या बायकोचा आवाज आला. ती दोन ओळी वाचून थांबली. "अहो, चमचा खाली ठेवा. सगळं रेकॉर्ड होतंय."

मी टेबलाची कड धरली.

"कोण या?"

"माझी बायको."

"छान वाचतात."

"वाचायची. गेली ती... दोन वर्षं झाली."

तिने ब्रश उगाचच झटकला. मग म्हणाली, "आणि चमचा?"

"मी चहा ढवळत होतो. मला फार वेळ ढवळायची सवय आहे."

ती हसली. मग हसायला नको होतं की काय, असा तिचा चेहरा झाला. मीही हसलो होतो आणि माझाही तसाच चेहरा झाला असणार.

माझी बायको दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. शेवटच्या कादंबरीची वीस प्रकरणं झाली, एकविसावं राहिलं. दोन वर्षं मला ती डिस्क उघडायचा धीर झाला नाही. आता वाचनालयातून फोन आला होता – महिनाअखेरपर्यंत पुस्तक पूर्ण करून द्या, नाहीतर ते पहिल्यापासून दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेऊ. म्हणजे तिची वीस प्रकरणं तशीच पडून राहणार. मी धीर केला, तर डिस्कच उघडेना. हे सगळं मी तिला सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी डिस्क लावली. टिक... टिक... काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिने लावली, लगेच चालली.

"चष्मेवाले, चालतंय की!"

"घरी नाही चालत."

"घरी असंच लावता ना?"

"असंच."

तिने केबल बदलली आणि नववं प्रकरण चालवून बघितलं. एक मिनिट ऐकायचं होतं, आम्ही पंधरा मिनिटं ऐकलं. घरी आलो. टिक... टिक...

तिसऱ्यांदा जाताना मी तिच्या दिव्यासाठी नवं भिंग घासून नेलं. ते बसवून विचारलं, "हे बरं की आधीचं?" दिवसभर गिऱ्हाइकांना हेच विचारतो मी.

तिने भिंगातून स्वतःचा अंगठा बघितला. मग मला बघितलं. "हे बरं," ती म्हणाली. "तुमचे कान मात्र फार लाल दिसतात."

त्या दिवशी तिने पोर्टचे दोन्ही सॉकेट नवे बसवले. डिस्कवरचं सगळं तिच्या एका डिस्कवरही उतरवून ठेवलं. "आता आवाज हरवणार नाही. घाबरू नका." काम करताना बोलता बोलता सांगितलं, "लग्न केलं होतं मी एकदा. नीट बसलं नाही, काढून ठेवलं."

मी म्हटलं, "बरं."

घरी येऊन डिस्क लावली. टिक... टिक... ऐकलं आणि मला आनंद झाला! बायकोचा आवाज अडकलाय आणि या माणसाला आनंद होतोय... मी स्वतःलाच विचारत बसलो, हे काय चाललंय?

माझ्या सासूबाई माझ्याकडेच राहतात. लेक गेल्यावर त्यांना मी आणि मला त्या. सकाळी मला आरशासमोर बघून म्हणाल्या, "जावईबापू, आज दुसऱ्यांदा दाढी?"

"एका बाजूला राहिली होती."

"हो का? डिस्क दुरुस्त करायला जाताय की स्वतः दुरुस्त व्हायला?"

मी पिशवी उचलून निघालो. जिना उतरताना आपल्याला राग आलाय की लाज वाटतेय, हेही कळत नव्हतं.

चौथ्यांदाही डिस्क तिथे झटक्यात उघडली. तिने हाताची घडी घातली.

"खरं सांगा, चष्मेवाले. घरी लावता तरी का?"

"म्हणजे?"

"म्हणजे यायला निमित्त हवं असेल तर तसं सांगा. मी काही चावत नाही."

"शपथ! घरी खरंच चालत नाही."

"खरंच?" तिचा आवाज किंचित पडला. निदान मला तसं वाटलं. "मग रविवारी मीच घरी येऊन बघते. आणि... ती मुलगी शेवटी बोटीत चढते का हो? कादंबरीतली. मी तुम्ही गेल्यावरही ऐकलं थोडं... चालेल ना?"

"चालेल. पण मला नाही माहीत. मी नुसता चमचा वाजवायचो, ऐकत नव्हतो."

रविवारी दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"हीच का तुमची टिकटिकवाली?"

"टिकटिक डिस्क करते, आजी. मी नाही."

"ये आत," सासूबाई म्हणाल्या.

मी बायकोच्या टेबलाशी बसलो, लॅपटॉप सुरू केला आणि डिस्क लावली. टिक... टिक...

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"डिस्क लावली."

"त्याआधी?"

"काही नाही."

"हातात काय आहे?"

मी बघितलं. माझ्या हातात चार्जरचा प्लग होता. भिंतीतून मीच काढला होता.

"हे... ती काढायची. वाचायला बसताना. चार्जरची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून."

"पण तुम्ही रेकॉर्डिंग करत नव्हता."

टेबलाशी बसलं की चार्जर काढायचा, एवढंच हाताला माहीत होतं.

"बॅटरी म्हातारी झालीय," ती हळू बोलली. "लॅपटॉप कसाबसा चालवते, डिस्कचं ओझं तिला पेलत नाही. माझ्याकडे चार्जर लावलेला असायचा, म्हणून चालायचं. आणि मी बावळट, सॉकेट बदलत बसले!" तिने माझ्या हातातून प्लग घेऊन भिंतीत बसवला. डिस्क उघडली. "हे बरं की आधीचं?"

"हे," मी म्हणालो.

आम्ही तिघांनी विसावं प्रकरण ऐकलं. शेवटी माझी बायको म्हणाली, "आज एवढंच. घसा बसला. उरलेलं उद्या." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला.

"एकविसावं कोण वाचणार?" तिने विचारलं.

"मी प्रयत्न केला. एका ओळीपुढे गेलो नाही."

"आणि ती ओळही चष्म्याचा नंबर सांगितल्यासारखी," सासूबाई म्हणाल्या.

"दुसरा आवाज चालेल का वाचनालयाला?"

"पूर्ण असलं की झालं, म्हणालेत."

मी कपाटातून कादंबरी काढली. खूण म्हणून काच पुसायचं कापड अजून तसंच आत होतं. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने ते धरलं, पण माझी बोटं सुटेनात. तिनेही ओढलं नाही.

"नको असेल तर राहू दे," ती म्हणाली. "मनापासून सांगतेय."

मला हवं होतं की नको, हेच तर कळत नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं.

"जावईबापू, सोडा पुस्तक," त्या म्हणाल्या. "तिचा हात अवघडेल." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मी पुस्तक सोडलं.

"आधी लॅपटॉपमध्येच रेकॉर्ड करू," ती घसा साफ करत म्हणाली. "डिस्कवर नंतर टाकू, चार्जर लावून. आता काढा तो."

मी प्लग काढला. या वेळी बघून काढला.

"प्रकरण एकविसावं."

तिचा आवाज वेगळा होता. वाक्याच्या शेवटी ती जरा घाई करत होती, पुढे काय होतं ते तिलाच कळायची घाई. स्वस्थ बसवेना म्हणून मी चहा करून आणला. ती मुलगी सामान घेऊन धक्क्यावर आली. बोटीचा भोंगा झाला. तिने मागे वळून बघितलं...

"अहो, चमचा खाली ठेवा."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तिच्या गालांना रंग चढला.

"चुकून आलं तोंडात... इतक्यांदा ऐकलंय ना. थांबा, मी पुसते ते."

"नको."

"अहो, वाचनालयात जाणार आहे हे!"

"त्यांना पुसून देऊ. आपल्याकडे राहू दे."

तिने पुस्तकावर बोट तसंच ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. कान लाल झाले असतील तर झाले.

"आपल्याकडे," ती म्हणाली. "बरं."

लोटलेल्या दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, वाच की पुढे! चढली का नाही ती बोटीत?"